चुकून स्वस्त लागलेलं विमानाचं तिकीट कंपनीने रद्द केलं तर काय करायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत

ठाण्याहून वाशीला जाणारी सकाळची लोकल, ऐरोली सोडलं आणि रबाळे यायच्या आत मोबाईलवर मेल आला. तुमचं बुकिंग रद्द करण्यात आलंय, भाडं सिस्टीममधल्या चुकीमुळे दिसत होतं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तीन तिकिटं होती, मुंबई-फ्रँकफर्ट जाऊन-येऊन, आई, बाबा आणि मी. माणशी ११,८०० ला मिळाली होती, एरवी त्या तारखांना पन्नास हजारांच्या खाली काही दिसतच नव्हतं. ताई लाइपझिगला असते, तिची डिलिव्हरी होती, आणि आईने आदल्याच संध्याकाळी जांभळी नाक्यावरून लाडवांसाठी डिंक आणि खारीक आणून ठेवली होती. घरी फोन करून सांगायचं कसं याचा विचार करतच मी कोपरखैरण्याला उतरलो.

त्या दिवशी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पुढच्या सव्वा महिन्यात मेल करत, नियम वाचत, तक्रारी टाकत जे कळलं ते सगळं इथे लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीच्या बाबतीत होऊ शकतं.

आधी हे होतं कसं ते समजून घ्या

विमानाची भाडी कोणी तिकीट खिडकीवर बसून ठरवत नाही. कंपनीचा प्राइसिंग विभाग भाडं भरतो, बहुतेक मोठ्या कंपन्यांची भाडी एटीपीसीओ नावाच्या एका मध्यवर्ती यंत्रणेतून जगभरच्या पोर्टलना आणि एजंटांना जातात, तिथे एखादं शून्य कमी पडलं, चलन बदलताना दशांश चिन्ह सरकलं, बिझनेस क्लासचं भाडं इकॉनॉमीच्या दराने भरलं गेलं किंवा फ्युएल सरचार्ज लावायचाच राहिला की झालं. काही तासांत लक्षात येतं आणि भाडं परत जागेवर जातं. पण मधल्या वेळात शेकडो लोकांनी तिकिटं काढलेली असतात.

सेल आणि चूक यात फरक असतो. सेलची जाहिरात असते, तारखा असतात, अटी असतात. चुकीचं भाडं कुठेही जाहिरात नसताना एकाच सेक्टरवर, म्हणजे एकाच मार्गावर, किंवा एकाच वेबसाईटवर अचानक दिसतं, आणि बाकी सगळ्या कंपन्यांच्या पाव भागाइतकं असतं. कधीकधी खरंच कळत नाही, आम्हालाही नव्हतं कळलं, बाबांना वाटलं ऑफ सीझन आहे म्हणून असेल.

तिकीट काढताना

गरज आहे तेवढीच काढा. स्वस्त दिसतंय म्हणून दहा जणांची तिकिटं काढून ठेवली तर पुढे तुमची बाजू लंगडी होते, ते का ते खाली सांगतो.

शक्य असेल तर कंपनीच्या स्वतःच्या साईटवरून काढा. पोर्टलवरून काढलं की काही बिनसल्यावर कंपनी म्हणते पोर्टलला विचारा, पोर्टल म्हणतं कंपनीकडून पैसे आले नाहीत, आणि मधल्या मधे तुमचा चेंडू होतो. मी पोर्टलवरून काढलं होतं आणि त्याचा भरपूर मनस्ताप झाला.

पैसे क्रेडिट कार्डाने भरा. पुढे पैसे अडकलेच तर बँकेकडे चार्जबॅक मागता येतो, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे बँकेमार्फत परत मागता येतात. आणि रुपयांत भरा. परदेशी साईटवर परदेशी चलनात भरलं तर बँक वर मार्कअप लावते, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास, शिवाय त्यावर जीएसटी, आणि रिफंड येतो तो त्या दिवशीच्या रेटने. म्हणजे कंपनीने पूर्ण रक्कम परत केली तरी तुमच्या स्टेटमेंटला कमीच दिसते.

आणि कंपनीला फोन करून हे भाडं खरं आहे का असं विचारत बसू नका असं बरेच जण सांगतात. माझं मत थोडं वेगळं आहे. तुम्हाला मनापासून शंका असेल तर विचारा, त्यात गैर काही नाही. पण फोनवरच्या माणसाने हो म्हटलं तर तेच चॅटवर किंवा मेलवर लिहून घ्या, तोंडी हो चा पुढे काही उपयोग होत नाही.

तिकीट काढल्यावर पहिल्या तासात

हा तास फार महत्त्वाचा आहे आणि नेमका इथेच आपण फॅमिली ग्रुपवर आनंद साजरा करण्यात रमतो.

पीएनआर मिळाला म्हणजे तिकीट मिळालं असं नसतं. पीएनआर हा फक्त बुकिंगचा सहा अक्षरी कोड. खरं तिकीट म्हणजे ई-तिकीट नंबर, मोठ्या कंपन्यांचा तो तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे असतात, जसं एअर इंडियाचं ०९८. काही लो-कॉस्ट कंपन्या हा नंबर देत नाहीत, त्यांच्याकडे पीएनआरच सगळं. पण जिथे असतो तिथे तो मेलमध्ये आलाय का बघा. नसेल आला तर तिकीट अजून इश्यू झालेलं नाही आणि तुमची बाजू तेवढी कच्ची.

मग हे सगळं जमा करा: भाड्याच्या पानाचा स्क्रीनशॉट, त्यात तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. पेमेंटच्या पानाचा स्क्रीनशॉट. बेस फेअर, टॅक्स, कन्व्हिनियन्स फी वेगवेगळी दाखवणारं बिल. ई-तिकिटाची पीडीएफ. बँकेचा एसएमएस. आणि जे कोणीच करत नाही ते म्हणजे कंपनीच्या कंडिशन्स ऑफ कॅरेजची त्या दिवशीची पीडीएफ. हा कंपनीच्या साईटवर तळाशी बारीक अक्षरात असलेला करार. बऱ्याच कंपन्यांनी त्यात कलम घातलेलं असतं की उघड चुकीच्या भाड्याचं तिकीट आम्ही रद्द करू शकतो. तुमच्या कंपनीच्या करारात ते आहे का, आणि असेल तर किती दिवसांत कळवायचं लिहिलंय, हे आधीच वाचून ठेवा. आमच्या केसमध्ये कलम होतं पण त्यात पूर्ण पैसे परत देऊ असंही लिहिलं होतं, आणि तेच वाक्य पुढे कामी आलं.

सगळं एका फोल्डरमध्ये टाका आणि स्वतःला मेल करून ठेवा.

पुढचे दोन आठवडे त्या तिकिटावर काही उभं करू नका

माझं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं. ताईने त्याच रात्री फ्रँकफर्ट ते लाइपझिगच्या ट्रेनची तिघांची जाऊन-येऊन तिकिटं काढली, सुपर स्पारप्राइस नावाची, जर्मन रेल्वेची सगळ्यात स्वस्त आणि कॅन्सल केली तर एक पैसा परत न मिळणारी. १५६ युरो. तिला वाटलं आत्ताच काढली तर स्वस्त पडतील, आणि तिचं चूक नव्हतं, पण विमानाचं तिकीट अजून पक्कं कुठे होतं.

चुकीचं भाडं रद्द करायचं असेल तर कंपन्या साधारण पहिल्या काही दिवसांतच करतात, त्यामुळे दोन आठवडे थांबा. हॉटेल घ्यायचंच असेल तर फ्री कॅन्सलेशनवालं घ्या. जोडून दुसऱ्या कंपनीचं डोमेस्टिक तिकीट काढू नका. रजेचा अर्ज करा पण हाताशी असलेलं दुसरं तिकीट रद्द करू नका. आणि घरच्यांना, विशेषतः आई-बाबांना, सुरुवातीलाच सांगा की हे अजून पक्कं नाही. त्यांच्या डोक्यात एकदा तयारी सुरू झाली की मग रद्दचा मेल तुमच्यापेक्षा त्यांना जास्त लागतो.

रद्दचा मेल आला, आता काय

पहिलं, मेल खरा आहे का बघा. कंपनीच्या साईटवर स्वतः पीएनआर टाकून स्टेटस तपासा. मेलमधल्या रिफंडच्या लिंकवर क्लिक करू नका, आणि गुगलवर कस्टमर केअर नंबर शोधून फोन तर अजिबात करू नका, तिथे बनावट नंबर टाकून बसलेले लोक असतात, रिफंडसाठी म्हणून ओटीपी मागतात आणि खातं साफ करतात. नंबर घ्यायचा तर कंपनीच्या स्वतःच्या साईटवरूनच घ्या.

दुसरं, रद्द कोणी केलं ते बघा, विमान कंपनीने की पोर्टलने, आणि कारण शब्दशः काय लिहिलंय ते जपून ठेवा. पुढे हे कारण बदलतं. आमच्या पहिल्या मेलमध्ये सिस्टीमची चूक होती, पोर्टलच्या चॅटवर विचारलं तर पेमेंट फेल असं सांगितलं, पैसे तर खात्यातून गेले होते.

तिसरं, व्हाउचर. स्वीकारा असं बटण असलेला मेल येतो, त्याला घाईने हो म्हणू नका. रिफंडच्या बदल्यात व्हाउचर किंवा क्रेडिट शेल (पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा राहणारी रक्कम) घ्यायचा की नाही हे प्रवाशाने ठरवायचं असतं, कंपनीने परस्पर तसं करायचं नाही, असं डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, रिफंडचा नियमच सांगतो. आम्हाला माणशी पाच हजारांचं व्हाउचर देऊन तोंडाला पानं पुसायचा प्रयत्न झाला, तेही रिफंडच्या ऐवजी. पूर्ण रिफंड देऊन वर व्हाउचर देत असतील तर घ्यायला हरकत नाही, फक्त त्यात आता तक्रार संपली असं मान्य केल्याचं वाक्य नाही ना ते बघून घ्या.

चौथं, त्याच दिवशी लेखी उत्तर द्या. फोनवर तासन्तास घालवू नका, मी दोन तास घालवले आणि हाती फक्त कंप्लेंट नंबर आला. मेल छोटा असू दे, साधारण असा:

"पीएनआर अमुक, तिकीट नंबर अमुक, तारीख अमुक. हे तिकीट आपण इश्यू केलं आणि पूर्ण पैसे घेतले. आपण ते अमुक तारखेला एकतर्फी रद्द केलंत. मला ते मान्य नाही. एक, याच तारखांना प्रवास द्या किंवा वाजवी पर्याय द्या. दोन, ते शक्य नसेल तर कन्व्हिनियन्स फीसकट पूर्ण रक्कम मूळ कार्डावर परत करा. तीन, या तिकिटाच्या भरवशावर झालेला अमुक खर्च, पावत्या जोडल्या आहेत, भरून द्या. व्हाउचर मला नको आहे. सात दिवसांत लेखी उत्तर द्यावं."

इंग्रजीत पाठवा, कारण पलीकडचा वाचणारा मराठी असेलच असं नाही. शिव्या, सोशल मीडियाची धमकी, माझा वकील अमुक आहे, हे काही लिहू नका. आकडे आणि तारखा लिहिल्या की पुरतं.

कायदा कुणाच्या बाजूने आहे

इथे थोडं थांबून सांगतो कारण यावर फार अर्धवट माहिती फिरते.

बरेच जण म्हणतात डीजीसीएच्या नियमाप्रमाणे पाच ते दहा हजार नुकसानभरपाई मिळते. ती विमान रद्द झालं तर. इथे विमान उडणारच आहे, फक्त तुमचं तिकीट रद्द झालंय, त्यामुळे तो नियम सरळ लागू होत नाही, तो दाखवून भांडलात तर पलीकडचा पहिल्याच वाक्यात तुम्हाला खोडून काढेल. लागू होतो तो रिफंडचा नियम. क्रेडिट कार्डाचे पैसे सात दिवसांत परत, आणि पोर्टल किंवा एजंटकडून तिकीट असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची, कारण एजंट हा त्यांचाच प्रतिनिधी. परदेशी कंपनी असेल तर तिच्या देशाचे रिफंडचे नियम लागतात, पण पैसे कशा मार्गाने परत द्यायचे ते आपल्याच नियमाप्रमाणे.

दुसरा आधार भारतीय करार कायदा, १८७२. कलम २० म्हणतं की दोन्ही बाजूंचा महत्त्वाच्या बाबतीत गैरसमज असेल तर करार निरर्थक. पण कलम २२ म्हणतं की फक्त एकाच बाजूची चूक झाली एवढ्या कारणाने करार रद्द करता येत नाही. म्हणजे चूक त्यांची होती एवढं म्हणून कंपनीला हात वर करता येत नाहीत. तक्रारीत कलम २२ चा उल्लेख जरूर करा.

पण याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. समोरच्याची चूक तुम्हाला कळत होती आणि तरी तुम्ही फायदा घेतला असं दिसलं तर कोर्ट तुमच्या मागे उभं राहत नाही. सिंगापूरची एक केस यात प्रसिद्ध आहे. एका वेबसाईटवर ३,८५४ सिंगापूर डॉलरचा एचपीचा लेझर प्रिंटर चुकून ६६ डॉलरला लागला, सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर ऑर्डर केले. २००४ मध्ये हायकोर्टाने आणि २००५ मध्ये अपील कोर्टाने निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला, आणि त्यात त्या लोकांचं आपापसातलं चॅट पुरावा म्हणून वापरलं गेलं. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण विचार करायची पद्धत तीच असते. म्हणून म्हटलं गरजेपुरतीच तिकिटं काढा. कुटुंबाच्या तीन तिकिटांचं आणि खऱ्या कारणाचं म्हणणं कोणीही ऐकून घेतं. आणि तुम्हाला चूक आहे हे माहीतच होतं तर तसं नव्हतं असं खोटं लिहू नका, सरळ रिफंड आणि खर्च मागा, तेवढा हक्क तरीही राहतो.

अमेरिकेला जाणारं किंवा तिथून येणारं तिकीट असेल तर एक जास्तीचा आधार आहे. तिथल्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये सांगितलं की चुकीच्या भाड्याचं तिकीट रद्द केल्याबद्दल आम्ही कारवाई करणार नाही, पण दोन गोष्टी केल्या तरच. भाडं खरंच चुकीचं होतं हे कंपनीने दाखवायचं, आणि त्या भरवशावर प्रवाशाने केलेला वाजवी खर्च, परत न मिळणारं हॉटेल, जोडलेली तिकिटं, भरून द्यायचा. आपल्याकडे असा स्पष्ट नियम नाही, पण मी तक्रारीत याचा दाखला दिला होता की जगात वाजवी कशाला म्हणतात ते बघा, आणि ट्रेनचे पैसे मागताना त्याचा उपयोग झाला असं मला वाटतं.

काय मागणं शहाणपणाचं

कंपन्या दरवेळी नाहीच म्हणतात असं नाही. १ जानेवारी २०१९ ला कॅथे पॅसिफिकची व्हिएतनाम-अमेरिका बिझनेस आणि फर्स्ट क्लासची तिकिटं इकॉनॉमीच्या दरात लागली आणि कंपनीने चूक कबूल करून सगळ्यांना नेलं. सिंगापूर एअरलाइन्सने डिसेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात इकॉनॉमीच्या दराने विकली गेलेली बिझनेसची तिकिटं आधी काचकूच करून शेवटी मान्य केली. ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटासने ऑस्ट्रेलिया-अमेरिका फर्स्ट क्लास सुमारे ८५ टक्के कमी दरात विकला गेल्यावर साधारण ३०० लोकांना जास्तीचे पैसे न घेता बिझनेसमध्ये बसवलं, नको असेल त्यांना रिफंड. उलट ब्रिटिश एअरवेजने २००९ मध्ये अमेरिका-भारत ४० डॉलरचं भाडं रद्द केलं आणि पुढच्या तिकिटावर ३०० डॉलरची सूट देऊ केली. जपानच्या एएनए या विमान कंपनीनेही २०२३ मध्ये व्हिएतनामच्या साईटवरची चलनाच्या चुकीची तिकिटं रद्द केली.

यातून मला जे दिसतं ते असं की बिझनेस-फर्स्टमध्ये कंपनीकडे मधला मार्ग असतो, खालच्या क्लासमध्ये बसवायचा. इकॉनॉमीत तो नसतो. त्यामुळे इकॉनॉमीवाल्यांनी त्याच भाड्याचा हट्ट एकदा लेखी धरावा, पण सगळी ताकद पूर्ण रिफंड, फी आणि खर्च यावर लावावी. आणि मधला मार्ग स्वतः सुचवावा, जसं की सुट्टीच्या बाहेरची तारीख द्या, किंवा आजच्या सगळ्यात कमी भाड्यात बदली द्या. आम्ही सुचवलं, मिळालं नाही, पण आम्ही वाजवी होतो हे रेकॉर्डवर आलं.

तक्रारीची शिडी, एकेक पायरी

कंपनीच्या कस्टमर केअरकडून सात दिवसांत समाधान नाही तर त्यांच्या साईटवर नोडल ऑफिसरचा, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचा, मेल असतो, तिथे जा. तिथेही नाही झालं तर त्यावर अपिलेट अथॉरिटी, म्हणजे कंपनीचाच वरचा अधिकारी. पोर्टल असेल तर त्यांचा ग्रिव्हन्स ऑफिसर, ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल. त्याच नियमांत असंही आहे की कंपनी स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द करते तेव्हा तसाच भुर्दंड सोसत नसेल तर तिला ग्राहकाकडूनही कॅन्सलेशन चार्ज घेता येत नाही. आमच्या पोर्टलने ३५,४०० परत केले पण ३९९ प्रमाणे १,१९७ ची कन्व्हिनियन्स फी ठेवून घेतली होती, रद्द तुम्ही केलंत आणि भुर्दंड मला का असं विचारून या नियमाचा हवाला दिला, एकोणिसाव्या दिवशी तेही आले. रक्कम छोटी आहे पण ती सोडू नका.

त्याच वेळी एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार टाका, हे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं आहे. पीएनआर, मेल, पावत्या अपलोड करता येतात. माझ्या मते ही सगळ्यात कामाची पायरी आहे, कारण तिथली तक्रार बंद करायला कंपनीला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. फक्त समाधान न होताच तक्रार बंद केली तर परत उघडा, एकदा बंद झाली म्हणून सोडू नका. जोडीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५, मराठीत बोलता येतं.

चार्जबॅक फक्त पैसे आलेच नाहीत तरच मागा, आणि उशीर करू नका, त्याला मुदत असते. रिफंड आल्यावर चार्जबॅक टाकला तर बँक तुम्हालाच प्रश्न विचारते.

यातून काहीच झालं नाही तर ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचं ऑफिस दिल्लीत असो की दुबईत, ठाणेकराला ठाणे जिल्ह्याच्याच आयोगात जाता येतं. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. आधी एक साधी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पंधरा दिवस द्या, बऱ्याचदा घोडं तिथेच पुढे सरकतं.

आमचं तिथपर्यंत गेलं नाही. मुख्य रक्कम सहाव्या दिवशी आली, फी एकोणिसाव्या, आणि ट्रेनचे १५६ युरो दोनदा नाकारून, एअरसेवावरची तक्रार परत उघडल्यावर, सदतिसाव्या दिवशी रुपयांत खात्यात जमा झाले. ताईने ट्रेनची पावती मागवून तिचं इंग्रजी भाषांतर स्वतः करून जोडलं होतं, नाहीतर कंपनीला जर्मन पावती समजत नाही असं उत्तर आलं होतं, तुमच्याकडे परदेशी भाषेतली पावती असेल तर हे आधीच करा. नवी तिकिटं आम्ही ५२,६०० ने काढली, दुसऱ्या कंपनीची, थेट त्यांच्या साईटवरून. लाडू आईने नव्याने केले, आधीचे आम्हीच संपवले होते. सगळे मेल आणि पावत्यांची फाईल पासपोर्टच्याच कप्प्यात ठेवलीय, दोन वर्षं होईपर्यंत तिथेच राहील.